उंच केलेल्या जीपचे स्टीअरिंग का थरथरते?

उटनूरकडच्या डोंगरवाटा आणि पावसाळ्यात चाके गिळणारी काळी जमीन पाहता, आदिलाबाद जिल्ह्यातील जुन्या जीप वा जिप्सीच्या मालकाला गाडीची उंची वाढवावीशी वाटणे स्वाभाविक आहे. लांब शॅकल, जादा पाटे आणि मोठे टायर बसले की शेतातली अडचण संपते. मात्र हीच गाडी ४४ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर ताशी ६० ते ७० किलोमीटर वेगाने धावू लागते आणि पैनगंगेच्या पुलाच्या एखाद्या सांध्यावर किरकोळ धक्का बसताच स्टीअरिंग गदागदा हलू लागते. थरथर आपणहून थांबत नाही, उलट वाढते.

अशा वेळी जोरात ब्रेक दाबू नये. पुढच्या चाकांवर भार येऊन थरथर अधिकच चेवते. स्टीअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय हलकेच काढावा आणि वेग उतरल्यावर गाडी कडेला घ्यावी.

हा विकार मुख्यतः पुढचा ॲक्सल अखंड असलेल्या गाड्यांचा. जुन्या महिंद्रा जीप आणि मारुती जिप्सी या जातीच्या. थारच्या बहुतेक प्रकारांत पुढची चाके स्वतंत्रपणे हलतात, त्यामुळे त्यांच्यात तो या रूपात आढळत नाही. अखंड ॲक्सलमध्ये एका चाकाचा झटका टाय रॉडमधून थेट दुसऱ्या चाकापर्यंत जातो व तिथून परत येतो. सांध्यांत ढिलाई असेल, तर ही देवाणघेवाण विरत नाही.

उंची वाढल्याने यात काय बिघडते? सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी ती सरळ धावते. जीपच्या पुढच्या चाकांनाही असाच कल दिलेला असतो; त्याला कॅस्टर म्हणतात. शॅकलची लांबी बदलली की ॲक्सल स्वतःभोवती किंचित फिरतो आणि हा कल कमी होऊ शकतो. मग चाकाची गत रुग्णालयातील स्ट्रेचरच्या फडफडणाऱ्या चाकासारखी होते. त्यातच ड्रॅग लिंक तिरकी झाल्याने प्रत्येक खड्डा स्टीअरिंगला ओढू लागतो.

अनेक मालक यावर पहिला उपाय म्हणून स्टीअरिंग डॅम्पर विकत घेतात. हा खर्च बहुधा चुकतो. डॅम्पर थरथर काही काळ दडपतो, पण झिजलेला सांधा झिजतच राहतो.

आधी ढिलाई शोधावी, आणि त्यासाठी दोन माणसे पुरतात. गाडी जमिनीवर उभी ठेवून एकाने स्टीअरिंग डावी-उजवीकडे थोडे थोडे हलवावे. दुसऱ्याने खाली निजून टाय रॉड, ड्रॅग लिंक व शॅकलच्या बुशवर हात ठेवावा. जिथे एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला भाग उशिरा हलतो, तिथे दोष. नंतर चाक जॅकवर उचलून, खाली भक्कम आधार देऊन, वर-खाली धरून हलवावे. चाक डगमगले, तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. डगमग थांबली तर चाकाचे बेअरिंग सैल आहे. राहिली तर किंगपिन. जिप्सीत व जुन्या जीपमध्ये किंगपिनखाली शिम नावाच्या पातळ चकत्या असतात. बेअरिंग शाबूत असेल तर त्यांतली एखादी कमी करून ते घट्ट बसवता येते. त्यानंतर चाक वळवायला लागणारा जोर काट्याने मोजून कंपनीच्या पुस्तिकेशी ताडतात. अंदाजपंचे आवळलेले किंगपिन स्टीअरिंग जड करते.

सांधे निर्दोष ठरल्यावरच कॅस्टरकडे वळावे. पाटे आणि ॲक्सलच्या मध्ये पाचराच्या आकाराची पट्टी बसवून तो सुधारतात. यू-बोल्ट काही दिवसांनी पुन्हा कसावेच लागतात.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

आणि एक अगदी साधे कारण, जे या भागात सर्वांत आधी तपासायला हवे. काळी माती रिमच्या आतल्या बाजूला चिकटून दगडासारखी वाळते आणि चाकाचा तोल जातो. रानातून आलेली गाडी महामार्गाला लावण्यापूर्वी रिम आतून धुवावी. काही वेळा थरथर तेवढ्यानेच थांबते.