मोगलीचं गाव कुठं गेलं?

मुलांनो, मोगली कोणाला ठाऊक नाही? लांडग्यांनी वाढवलेला पोरगा, काळा बिबळ्या बघीरा, बालू अस्वल नि तो दुष्ट शेरखान! डिस्ने कंपनीनं १९६७ साली काढलेला 'द जंगल बुक' हा कार्टूनपट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. आज त्याच्याकडे जरा बारकाईनं पाहू या. गंमत कमी होणार नाही, बरं का!

आधी सांगा, हे जंगल कुठलं? गोष्टी लिहिणारा इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंग १८६५ साली आपल्या मुंबईत जन्मला. 'जंगल बुक' निघालं १८९४ साली, दुसरा भाग १८९५ साली. मोगलीच्या गोष्टी घडतात मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या डोंगरांत, वैनगंगेच्या आसपास. हीच वैनगंगा पुढं आपल्या विदर्भात येते. म्हणजे मोगली तसा आपला शेजारीच की!

आता चित्रपट पाहा. त्यात माकडांचा राजा लुई हा ओरांगउटान आहे. हा वानर भारतात नाहीच. तो बोर्निओ नि सुमात्रा बेटांवरचा. पुस्तकात तर माकडांना राजाच नाही! "असू दे की, गोष्टच आहे," असं तुम्ही म्हणाल. पण पुढचं ऐका. आपल्यालाही माणसासारखं व्हायचंय, असं हा लुई जॅझच्या ठेक्यावर गातो. जॅझ हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेलं संगीत. त्या काळात हे लोक बरोबरीच्या हक्कांसाठी झगडत होते. त्यांना माकड म्हणून हिणवायची वाईट खोड तिथं जुनी होती. लुईचा आवाज इटालियन घराण्यातल्या लुई प्रिमा या गायकाचा होता, नि गाणं झकास आहे, हे खरं. तरी त्यांचं संगीत माकडाच्या तोंडी घालावं, हे अनेकांना खटकलं. खटकणारच, नाही का?

आता मोठा प्रश्न. या चित्रपटात गाव शोधून दाखवा बरं! शेवटी एक मुलगी नदीवर पाणी भरायला येते. मोगलीखेरीज दिसणारं तेवढं एकच माणूस. ती गाणं गाते, घागर घरंगळू देते नि मोगली तिच्यामागं जातो. तिला नावसुद्धा नाही!

पुस्तकात मात्र अख्खं गाव आहे. मेसुआ नावाची बाई मोगलीला घरात घेते, दूध पाजते. तो माणसांची भाषा शिकतो, म्हशी राखतो. चित्रपटात शेरखानच्या शेपटीला जळकी फांदी बांधली की तो पळतो. पुस्तकात मोगली म्हशींच्या कळपाचे दोन भाग करतो नि वाघाला घळीत दोन्ही बाजूंनी कोंडतो. ही खरी गुराख्याची अक्कल! चित्रपटातून गाव गेलं, तशी ही अक्कलही गेली.

पण थांबा, पुस्तकाचा काटाही एका बाजूला झुकलेलाच आहे. तिथले गावकरी मेसुआला चेटकीण ठरवून मारायला निघतात, नि तिला न्याय मागायला जावं लागतं ते इंग्रजांकडे. मोठा झालेला मोगली इंग्रज सरकारच्या जंगलखात्यात नोकरी धरतो, अशीही किपलिंगची गोष्ट आहे. अंधश्रद्धा आपल्याकडे होत्या नि आहेत. त्या लपवायच्या नाहीत. पण त्यांच्याशी झगडणारी माणसंही इथलीच होती. 'जंगल बुक' निघण्याआधी एकवीस वर्षं, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला होता. शहाणपण सगळं साहेबाकडेच, हे लिहिणं राज्य करणाऱ्यांच्या सोयीचं होतं, इतकंच.

२०१६ साली डिस्नेनंच पुन्हा 'जंगल बुक' काढला. या वेळी नील सेठी हा भारतीय वंशाचा अमेरिकन मुलगा मोगली झाला. लुई झाला जायगँटोपिथेकस, म्हणजे आशियात पूर्वी राहणारा नि आता नामशेष झालेला महाकाय वानर. चूक सुधारली, शाबास! पण गाव? ते पुन्हा दूरच राहिलं.

मग हे चित्रपट पाहायचेच नाहीत का? छे! जरूर पाहा, बालूबरोबर नाचासुद्धा. फक्त मनात तीन प्रश्न ठेवा. बोलतं कोण? हसू कोणाचं होतं? नि कोण दिसतच नाही? आपल्या मराठी चित्रपटांनाही हेच प्रश्न विचारा. त्यातला घरगडी, मोलकरीण, खेड्यातला माणूस नुसता हसण्यापुरता येतो का, पाहा.

आणि एक काम करा. मेसुआचा लहानगा मुलगा वाघानं नेला होता. हाच तो असेल, असं तिला मोगलीला पाहून वाटतं. त्या दिवसाची गोष्ट मेसुआच्या तोंडून एक पानभर लिहा. चित्रपटात तिला बोलायला मिळालं नाही. तुमच्या वहीत मिळू दे.