पॅगोडाचं छप्पर, दारूची भट्टी

स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागात, कीथ गावात, आयला नदीच्या काठी स्ट्रॅथआयला नावाची डिस्टिलरी आहे. स्थापना 1786 ची. म्हणजे ऊर्ध्वपातनाचे रीतसर परवाने मिळणं सोपं करणाऱ्या 1823 च्या कायद्याच्याही आधीची! तेव्हा तिचं नाव मिलटाउन होतं. 1950 मध्ये शिवास ब्रदर्सनी ती विकत घेतली आणि आज शिवास रीगल या व्हिस्कीमधला महत्त्वाचा माल्ट इथलाच.

पण मला ओढ आहे ती इमारतीची. दगडी भिंती, एका बाजूला पाणचक्कीचं चाक आणि वर पॅगोडासारखी दोन निमुळती छपरं. स्कॉटलंडमध्ये पॅगोडा कुठून आला?

तर ही शोभा नाही, ते धुराडं आहे. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. ती वाळवायला जाळीदार जमिनीवर पसरायची, खाली भट्टी पेटवायची. धूर आणि वाफ दाण्यांमधून वर चढून झटकन बाहेर पडायला हवी. एल्गिनच्या चार्ल्स डॉइग या वास्तुविशारदाने 1889 मध्ये डेल्युएन डिस्टिलरीसाठी असं छप्पर रचलं. उंच, निमुळतं, वरच्या छत्रीखाली चारही बाजूंनी मोकळं. धुराला ओढ इतकी छान मिळाली की पुढे हे छप्परच स्कॉच डिस्टिलरीची ओळख ठरलं.

आता बहुतेक ठिकाणी माल्ट बाहेरून तयार होऊन येतो, त्यामुळे बार्ली वाळवायच्या त्या भट्ट्या थंड आहेत. छपरं मात्र जपली आहेत. स्पेसाइडला गेलात तर चव घेण्याआधी क्षणभर मान वर करून ती नक्की बघा.