कंबरदुखी : मृत्यूच्या आकड्यांत न दिसणारा भार

देशाच्या आरोग्यस्थितीचे मोजमाप दीर्घकाळ मृत्युदर आणि आयुर्मान या दोन निकषांवर केले जात असे. जो आजार जीव घेत नाही, तो या मोजमापात दिसत नाही. जागतिक बँकेच्या १९९३ च्या जागतिक विकास अहवालाने 'विकलांगता-समायोजित आयुर्वर्षे' हा निर्देशांक प्रचारात आणला. अकाली मृत्यूमुळे गमावलेली वर्षे आणि विकलांगतेसह जगलेली वर्षे यांची ही बेरीज होय. या बेरजेतील दुसऱ्या घटकात कंबरदुखीचा वाटा जगभर सर्वाधिक असल्याचे आढळून आले. २०२० मध्ये जगातील सुमारे ६१.९ कोटी लोकांना हा विकार होता. २०५० पर्यंत ही संख्या ८४.३ कोटींवर जाईल, असा अंदाज आहे.

वेदना खुब्याकडे का पसरते?

कण्याच्या खालच्या भागातील पाच मणक्यांवर शरीराच्या वरच्या भागाचा भार येतो. तेथील स्नायू, अस्थिबंध व लहान सांधे आणि नितंबाचा भाग यांच्या संवेदना वाहून नेणारे मज्जातंतू एकमेकांशी निगडित असतात. त्यामुळे मूळ दुखणे कंबरेत असले तरी वेदना नितंबात व खुब्याजवळ जाणवते. अशी वेदना सहसा गुडघ्याच्या वरच थांबते. मणक्यांमधील चकती सरकून मज्जातंतूच्या मुळावर दाब आल्यास मात्र वेदना व मुंग्या गुडघ्याखाली, अनेकदा पावलापर्यंत पोहोचतात; यास सायटिका म्हणतात. वेदना मुख्यतः जांघेत असेल आणि पाय आत वळवताना वाढत असेल, तर दोष खुब्याच्या सांध्यात असण्याची शक्यता असते.

सुमारे ९० टक्के रुग्णांमध्ये कोणतेही एक निश्चित कारण सांगता येत नाही. यास 'अविशिष्ट कंबरदुखी' म्हणतात.

उपचार साधे, पण दुर्लक्षित

अचानक उद्भवलेले दुखणे बहुतेकांच्या बाबतीत सुमारे सहा आठवड्यांत बरेच कमी होते. दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहिल्यास स्नायू दुर्बल होतात आणि सुधारणा लांबते. वेदना सोसेल तेवढी हालचाल ठेवणे, चालणे, कंबरेचे व पोटाचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि गरज पडल्यास वैद्यकीय सल्ल्याने अल्पकाळ वेदनाशामक औषधे, हाच उपचाराचा गाभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसंबंधी पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत रुग्णशिक्षण व व्यायाम यांची शिफारस असून कंबरपट्टे, ताण देण्याचे उपचार आणि अफूजन्य औषधे यांचा नेहमीचा वापर टाळण्यास सांगितले आहे. वेदना नसलेल्या व्यक्तींच्या एमआरआय चाचणीतही चकतीची झीज अनेकदा दिसते. म्हणून प्रारंभीच ही चाचणी करणे बहुधा अनावश्यक ठरते.

काही लक्षणे मात्र धोक्याची आहेत. लघवी किंवा शौचावरील नियंत्रण जाणे, जननेंद्रियांभोवती बधिरता येणे, पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे, ताप व वजनघट, कर्करोगाचा पूर्वेतिहास किंवा मोठी दुखापत यांपैकी काहीही असल्यास तातडीने डॉक्टरांकडे जावे. आपल्या देशात कण्याच्या क्षयरोगाची शक्यताही विसरता येत नाही.

खर्च कोणाच्या माथी?

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही प्रगती लक्षणीय आहे. परंतु २०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे दरवर्षी प्रतिकुटुंब पाच लाख रुपयांचे मूळ संरक्षण प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांना आहे. कंबरदुखीवरील उपचार मुख्यतः बाह्यरुग्ण स्वरूपाचे असतात. म्हणजे शस्त्रक्रियेस संरक्षण आणि शस्त्रक्रिया टाळणाऱ्या व्यायामाच्या मार्गदर्शनास मात्र ते नाही, अशी विसंगती निर्माण होते.

त्याहून मोठा प्रश्न रोजगाराचा आहे. 'हालचाल ठेवा, पण काही आठवडे जड ओझे उचलू नका' हा सल्ला कार्यालयातील कर्मचारी पाळू शकतो. पन्नास किलोची पोती वाहणाऱ्या हमालास हलके काम कोण देणार? त्याच्यापुढे वेदनेसह ओझे उचलणे किंवा मजुरी बुडवणे, एवढेच पर्याय उरतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचविली आहे. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा करून मंडळांमार्फत मजुरी व कल्याणाची व्यवस्था केली. असंघटित श्रमिकांसाठी हे उदाहरण आजही अभ्यासण्याजोगे आहे.

पुढील दिशा

प्राथमिक स्तरावरील आयुष्मान आरोग्य मंदिरांमध्ये व्यायामाचे मार्गदर्शन व धोक्याच्या लक्षणांची तपासणी उपलब्ध झाल्यास बराचसा अनाठायी खर्च टळेल. भौतिकोपचारासह संलग्न आरोग्य व्यवसायांचे नियमन करणारा २०२१ चा कायदा त्यासाठी मनुष्यबळाचा पाया देऊ शकतो. त्याच्या जोडीला आजारपणातील मजुरीचे संरक्षण आणि ओझे वाहण्याची यांत्रिक साधने आवश्यक आहेत. श्रमिकाची कंबर हेच त्याचे भांडवल असते. त्याची झीज राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात दिसत नसली, तरी त्याच्या कुटुंबाच्या हिशेबात ती प्रत्येक महिन्याला जाणवते.