न तपासलेले पिंप

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो, तेव्हा खरेदीदार रव्याचा रंग पाहतो, कण जिभेवर ठेवतो आणि मगच भाव बोलतो. गुजरीत सोने कसाला लावल्यावाचून कोणी घेत नाही. माल पारखून घेणे हा व्यापाराचा पहिला धडा. औषधाच्या कारखान्यात आलेल्या द्रावकाच्या पिंपाबाबत हा धडा विसरला गेला, तर काय होते, हे २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्याने पाहिले.

परासिया परिसरातील लहान मुलांना साधा सर्दी-ताप आला होता. खोकल्याचे औषध दिले गेले. पुढे उलट्या सुरू झाल्या, आणि लघवी कमी होत होत थांबली. अनेक मुलांना उपचारांसाठी नागपूरला आणण्यात आले. वीसहून अधिक बालके दगावली, त्यांतील बहुतेक पाच वर्षांच्या आतील. तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेने कांचीपुरम जिल्ह्यात तयार झालेल्या 'कोल्ड्रिफ' या औषधाचा नमुना तपासला, तेव्हा त्यात डायएथिलीन ग्लायकॉल या विषाचे प्रमाण ४८.६ टक्के आढळले. मान्य मर्यादा आहे ०.१ टक्का. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही एसआर-१३ या बॅचची विक्री व वापर थांबवण्याचा इशारा दिला.

हे विष औषधात येते कोठून? पातळ औषधात मूळ द्रव्य विरघळण्यासाठी प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन लागते. डायएथिलीन ग्लायकॉल दिसायला तसेच: रंगहीन, दाटसर, चवीला गोड, आणि स्वस्त. त्याची जागा ब्रेक ऑइलमध्ये, रंगांच्या कारखान्यात. डोळ्यांना वा जिभेला दोहोंतील भेद कळत नाही; तो प्रयोगशाळेतच कळतो. पोटात गेल्यावर यकृत त्याचे विघटन करते, आणि त्यातून निर्माण होणारे डायग्लायकॉलिक आम्ल मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशी मारून टाकते. रक्त गाळले जाते, पण पुढचे काम करणाऱ्या नलिकाच उरत नाहीत. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने काही चमचेही घातक ठरतात. डायलिसिसने काही मुले वाचतात. पण निदान वेळेत व्हावे लागते, आणि आरंभीची लक्षणे साध्या पोटदुखीसारखीच असतात.

हे पहिल्यांदा घडले असते, तर त्याला अपघात म्हणता आले असते. १९३७ मध्ये अमेरिकेत याच द्रावकातून बनवलेल्या एका औषधाने शंभराहून अधिक बळी घेतले आणि तेथे औषधविषयक कडक कायदा झाला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये विषारी ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण मृत्यू पावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली, आणि औद्योगिक वापराचे ग्लिसरीन औषधी म्हणून रुग्णालयापर्यंत कसे पोहोचले, ते उघड झाले. पुढे १९९८ मध्ये गुरुग्राम, २०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मूतील उधमपूर, २०२२ मध्ये आफ्रिकेतील गांबिया. शेवटच्या घटनेतील औषध भारतातूनच गेले होते. त्यानंतर निर्यात होणाऱ्या खोकल्याच्या औषधांची सरकारी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी १ जून २०२३ पासून सक्तीची झाली. परदेशी मुलांसाठी जे बंधन आले, ते छिंदवाड्याच्या मुलांपर्यंत पोहोचले नव्हते, ही गोष्ट मनाला टोचल्यावाचून राहत नाही.

या साखळीत कारखानदार, रसायनांचा घाऊक विक्रेता, वितरक आणि दुकानदार असे कितीतरी हात आहेत. त्यांतील प्रत्येकाजवळ कागद असतो, शिक्का असतो. अशा साखळीत व्यापारी हा केवळ निरोप्या नव्हे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये 'प्रतिरूपक व्यवहार' सांगितला आहे: अस्सल मालात त्यासारखा दिसणारा हलका माल मिसळून खपवणे. उमास्वामींनी तो चोरीच्या पंक्तीत बसवला. गोड, रंगहीन, हुबेहूब दिसणाऱ्या द्रवाला याहून नेमके नाव सापडणे कठीण. औषध व रसायन व्यवसायातील श्रावकाने पिंपावरील 'औषधी प्रत' हे शब्द वाचून न थांबता त्या बॅचचा तपासणी अहवाल मागावा. तो नसेल तर माल परत करावा. नफा थोडा कमी होईल, इतकेच.

घराकडे वळायचे, तर पाणी गाळून पिणाऱ्या कुटुंबातही औषधाच्या बाटलीवरील बारीक अक्षरे क्वचितच वाचली जातात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कळवले, की दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सहसा देण्याची गरज नसते. बहुतेक खोकला आपोआप बरा होतो. शेजारच्या मुलाला लागू पडली म्हणून तीच बाटली आणणे, किंवा गेल्या वर्षीची उरलेली काढणे, आजीच्या मायेतून घडले तरी टाळावे.

औषध सुरू असताना मुलाची लघवी किती वेळा होते, इकडे घरातील एकाने तरी लक्ष ठेवावे. आठ तास लघवी झाली नाही, चेहरा सुजला, उलट्या थांबत नाहीत, मूल गुंगीत दिसते, तर 'उद्या पाहू' म्हणू नये. रात्र असली तरी सीपीआर किंवा जवळचे बालरुग्णालय गाठावे. सोबत बाटली न्यावी, रिकामी असली तरीही, आणि दुकानाची पावतीही. कारण त्यांवरील बॅच क्रमांकावरूनच इतर घरांतील तेच औषध वेळेत थांबवता येते.