पेनड्राइव्ह ‘गेला’? फेकण्यापूर्वी हे वाचा!

मुंजीचे फोटो, आजोबांच्या पंचाहत्तरीचे चित्रण, घरकर्जाची कागदपत्रे. अंगठ्याएवढ्या पेनड्राइव्हमध्ये अख्खा संसार मावतो. आणि एक दिवस तो संगणकाला लावावा, तर पडद्यावर सूचना येते, ‘डिस्क घाला!’ डिस्क तर घातलेलीच असते. जागा किती, तर शून्य! मग पेनड्राइव्ह कचऱ्यात जातो. पण पुष्कळदा तो मेलेला नसतो, नुसती त्याची शुद्ध हरपलेली असते.

गोदाम आणि मुनीमजी

पेनड्राइव्हच्या आत मुख्यतः दोन गोष्टी असतात. एक, फ्लॅश मेमरी, म्हणजे मालाचे गोदाम. दुसरी, कंट्रोलर नावाची चिप, म्हणजे मुनीमजी. कोणता माल कोठे ठेवला, कोणता कोपरा खराब झाला, याचा हिशेब मुनीमजी ठेवतात. त्यांनी काम कसे करायचे, हे सांगणाऱ्या आज्ञावलीला ‘फर्मवेअर’ म्हणतात. पुष्कळ पेनड्राइव्हमध्ये ही आज्ञावली आणि हिशेबाची वही गोदामातच, एका राखीव कोपऱ्यात असते. माहिती लिहिली जात असताना पेनड्राइव्ह उपटला किंवा वीज गेली, तर नेमके तेच पान फाटते. माल जागेवर असतो, पण मुनीमजींना काही आठवत नाही!

उपचार कसा होतो?

बंगळूरला टाउन हॉलजवळचा सादर पत्रप्पा रोड, म्हणजेच ‘एस. पी. रोड’, संगणकाच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. फ्लॅश मेमरी बनवणाऱ्या सॅनडिस्क कंपनीचे तंत्रविकास केंद्रही याच शहरात आहे. फर्मवेअर हा शब्द इथे नवा नाही.

दुरुस्त करणारा आधी कंट्रोलर कोणत्या जातीचा आहे ते ओळखतो. ‘चिपजीनियस’सारखा प्रोग्रॅम ते सांगतो, नाहीतर कवच उघडून चिपवरचे नाव वाचावे लागते. वर नाव एका कंपनीचे आणि आत कंट्रोलर फायसन, सिलिकॉन मोशन किंवा अल्कोर या तैवानी कंपनीचा, असे सर्रास असते. मग त्याच कंट्रोलरसाठी कारखान्यात वापरला जाणारा प्रोग्रॅम लावून फर्मवेअर नव्याने भरतात. संगणक पेनड्राइव्हला ओळखतच नसेल, तर काही प्रकारांत मेमरीच्या ठरावीक दोन पिना क्षणभर जोडून त्याला जागे करतात. पिन चुकली किंवा प्रोग्रॅम चुकीचा निवडला, तर मात्र उरलासुरला जीवही जातो.

आधी ठरवा: काय हवे?

महत्त्वाची गोष्ट अशी, की या उपचारात पेनड्राइव्ह वाचतो, पण आतली माहिती बहुधा कायमची जाते. नवा मुनीम येतो तो कोरी वही घेऊन, आणि खराब जागा शोधताना गोदामही रिकामे करतो. म्हणून फोटो हवे असतील, तर दुकानदाराला आधी स्पष्ट सांगा, ‘फर्मवेअरला हात लावू नका.’ असे काम माहिती परत मिळवणाऱ्या तज्ज्ञाकडेच न्यावे. वॉरंटी असेल, तर कवच उघडू नका. पण कंपनी पेनड्राइव्ह बदलून देईल, फोटो नव्हे!

सावध!

याच विद्येने भामटे छोट्या पेनड्राइव्हला मोठा असल्याचे खोटे बोलायला शिकवतात. रस्त्यावर स्वस्तात मिळणारा ‘एक टीबी’चा पेनड्राइव्ह बहुधा असाच असतो. भरत गेले, की पुढचे फोटो हरवतात. ‘एच२टेस्टडब्ल्यू’ हा मोफत प्रोग्रॅम ही लबाडी पकडतो. २०१४ मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल या संशोधकांनी तर दाखवून दिले, की फर्मवेअर बदललेला पेनड्राइव्ह कीबोर्ड असल्याचे सोंग घेऊन संगणकाला आज्ञा देऊ शकतो. तेव्हा दुरुस्तीचे प्रोग्रॅम कोठूनही उतरवून घेऊ नयेत आणि सापडलेला पेनड्राइव्ह लावू नये.

दुरुस्त झालेला पेनड्राइव्ह गाणी ऐकायला, छपाईसाठी फाइल न्यायला खुशाल वापरा. कुटुंबाच्या आठवणी मात्र त्याच्या एकट्याच्या भरवशावर ठेवू नका. त्यांची एक प्रत घरात आणि दुसरी घराबाहेर असावी. आणि काढताना संगणकाला सांगूनच काढावा. मुनीमजींना वही मिटायला तेवढा वेळ पुरतो!