बोरीवलीच्या नांवाची मुसळी

आगगाडीच्या पाटीवर बोरीवलीचें नांव रोज वाचणाऱ्या हजारों माणसांपैकीं फार थोड्यांना ठाऊक असतें कीं, हेंच नांव एका रानफुलालाहि मिळालेलें आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत पुष्कळ वर्षें वनस्पतिशास्त्र शिकविलेले फादर सांतापाव आणि त्यांचे सहलेखक फर्नांडिस यांनीं 1955 मध्यें बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत एका सफेद मुसळीचें वर्णन प्रसिद्ध केलें व तिला ‘क्लोरोफायटम बोरिविलिएनम’ असें शास्त्रीय नांव दिलें.

पहिला पाऊस मुरला म्हणजे जमिनीलगत लांबट पानांचा झुबका उगवतो. त्यांतून दांडा वर येतो आणि त्यावर बहुधा तीन-तीनच्या पुंजक्यांनीं सहा पाकळ्यांचीं पांढरीं फुलें उमलतात. हातभर उंचीचें हें रोप पावसाळा सरतांच पिवळें पडतें; दिवाळीनंतर त्या जागीं कांहीं होतें, असें सांगूनहि कोणास पटावयाचें नाहीं. पुढचा सारा कोरडा काळ तें जमिनीखालीं, बोटांएवढ्या मांसल मुळ्यांच्या जुडग्यांतील शिदोरीवर काढतें. हिच्या एका भावंड-जातीच्या गांठी दोऱ्यासारख्या तंतूंना लोंबतात. हिच्या मुळ्या थेट खोडाच्या बुडाला चिकटलेल्या असतात. ओळखीची पक्की खूण हीच, पण ती खणल्यावांचून दिसत नाहीं!

आणि खणणारे पुष्कळ. याच मुळ्या सोलून, वाळवून शक्तिवर्धक औषध म्हणून बाजारांत जातात. बटाट्याचा डोळा असलेला तुकडा पुरला तर रुजतो. मुसळीच्या तोडलेल्या मुळीला मात्र डोळाच नसतो. नवा कोंब फुटतो तो, जेथें सर्व मुळ्या जुळतात त्या खोडाच्या चकतीवरून. मुसळीची शेती करणारे म्हणूनच लावणीच्या प्रत्येक मुळीला चकतीचा तुकडा राखतात. रानांत सगळें जुडगें उपटणारा मात्र पुढच्या सालचें रोपहि पिशवींत घालून नेतो, आणि बियांवर भरंवसा ठेवावा तर त्यांतल्या थोड्याच रुजतात.

बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत रोप उपटण्यास 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बंदी आहे. उद्यानाबाहेरच्या माळांना तसा आधार नाहीं. तेथें ठाणें-पालघरकडील आदिवासी बाया आषाढाच्या सुमारास मुसळीच्या कुळांतलीं कोंवळीं पानें खुडतात आणि ‘फोडशी’ म्हणून उपनगरांच्या बाजारांत जुड्या मांडतात. कांदा व चण्याची डाळ घालून तिची भाजी करतात. पानें गेलीं तरी चकती मातींतच राहते, आणि त्याच जागीं पुन्हां हिरवा झुबका वर येतो.