वनालगतच्या वस्त्यांतील लाकडी चौकटीची घरे आणि वणव्यापासून त्यांचे संरक्षण : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्याची ओळख धानाचा आणि तलावांचा जिल्हा अशी आहे. परंतु साकोली, लाखनी, पवनी आणि तुमसर या तालुक्यांतील अनेक गावांची शीव थेट जंगलाला भिडलेली आहे, ही बाबही तितकीच महत्त्वाची होय. नागझिरा, कोका आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला या अभयारण्यांच्या परिसरातील वने साग, बांबू, मोह, तेंदू अशा वृक्षांची, पानगळीची आहेत. फेब्रुवारीनंतर येथील जमिनीवर वाळलेल्या पानांचा जाड थर साचतो. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ वनविभाग आगीचा हंगाम मानतो. ८ एप्रिल २०२१ रोजी नागझिरा अभयारण्यात वणवा विझवताना तीन वनमजुरांना प्राण गमवावे लागले. या घटनेने येथील वणव्याची गंभीरता सर्वांसमोर आली.

वणव्याविषयीचा विचार मात्र बहुधा जंगलापाशीच थांबतो. जाळरेषा, अग्निरक्षक, पाला उडवणारी यंत्रे, उपग्रहाद्वारे मिळणारी आगीची सूचना यांची चर्चा होते. शिवेवरच्या घराची होत नाही. झालीच तर ‘लाकडाचे घर म्हणजे जळाऊ घर’ हे गृहीत धरून सिमेंटच्या घराची शिफारस केली जाते. हे गृहीतक कितपत खरे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घराची पारंपरिक रचना

या भागातील जुन्या घराचा भार लाकडी चौकट वाहते. सागाचे किंवा तत्सम टणक लाकडाचे खांब, त्यांवर आडव्या तुळया, मधोमध आढे, आढ्यावरून दोन्ही बाजूंना उतरणारे वासे, वाशांवर बांबूच्या कामट्या आणि सर्वांत वर मातीचे कवेलू, अशी ही मांडणी असते. भिंत मातीची किंवा कुडाची, म्हणजे बांबूच्या ताट्यांना दोन्ही बाजूंनी माती-शेणाचा लेप दिलेली. पुढे ओसरी, मागे सांदवाडी, बाजूला गुरांचा गोठा आणि त्याच्या जवळपास तणसाचा ढीग. घराचा विचार करताना हा शेवटचा घटक वगळून चालणार नाही. किंबहुना पुढील विवेचनात तोच सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

वणवा घरापर्यंत कसा पोहोचतो

मध्य भारतातील पानगळीच्या वनांत लागणारी आग प्रामुख्याने जमिनीवरून सरकणारी असते. पालापाचोळा, गवत आणि झुडपे जळतात; उभ्या झाडांचे शेंडे सहसा पेटत नाहीत. आगीची कारणेही बहुतांशी मानवी आहेत. मोहफुले वेचणे सुकर व्हावे म्हणून झाडाखालचा पाला जाळला जातो, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून झुडपांना आग लावली जाते आणि मे महिन्यात शेताचे धुरे जाळले जातात. यांपैकी एखादी आग हाताबाहेर गेली की ती धुऱ्यावरील गवत व बांधीतील धसकटे यांच्या आधाराने गावाकडे सरकते. अशी जमिनीवरची आग अंगणातील स्वच्छ, सारवलेल्या जमिनीपाशी आली की तिला पुढे जाण्यास इंधन उरत नाही. त्यामुळे भिंतीवर ज्वाळा आदळून घर पेटणे हा धोका येथे तुलनेने कमी आहे.

या संदर्भात परदेशातील एक प्रयोग उद्बोधक आहे. अमेरिकन वनसेवेतील संशोधक जॅक कोहेन यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या वायव्य प्रदेशांतील प्रयोगात, शेंड्यापर्यंत पेटलेल्या सूचिपर्णी वनासमोर लाकडी भिंती उभ्या करून निरीक्षणे घेतली. १० मीटर अंतरावरील भिंती काही वेळा पेटल्या; २० मीटरवरील भिंती पेटल्या नाहीत; ३० मीटरवरील भिंतींवर होरपळही दिसली नाही. भंडाऱ्यातील आगीपेक्षा कितीतरी प्रखर आगीचा हा अनुभव आहे. तरीही वणव्यात घरे जळतात. कॅलिफोर्नियातील पॅराडाइज गावात नोव्हेंबर २०१८ च्या आगीत ८५ माणसे दगावली आणि १८ हजारांहून अधिक बांधकामे नष्ट झाली. परंतु राख झालेल्या अनेक घरांच्या शेजारची झाडे हिरवी उभी होती. याचा अर्थ, घरांपर्यंत आग पोहोचवली ती वाऱ्याने वाहून आणलेल्या ठिणग्यांनी आणि पेटलेल्या शेजारच्या घरांनी.

ठिणगी स्वतः दुर्बल असते. सागाच्या खांबावर पडली तर ती विझते. तिला सुके, बारीक आणि आडोशाला साचलेले इंधन लागते. येथील घरात ते कोठे असते? कवेलूंखालच्या फटींत साचलेला पाला, पक्ष्यांची व उंदरांची घरटी, माळ्यावर रचलेला भुसा, वळचणीला खोचलेल्या काटक्या व जुने केरसुणे, ओसरीच्या कोपऱ्यातील सरपण आणि अर्थातच तणस. वळचण ही मराठी घराची सर्वांत सोयीची जागा. आगीच्या दृष्टीने तीच सर्वांत दुबळी होय.

लाकडाचे जळणे

लाकूड जळते, परंतु सर्व लाकूड सारखे जळत नाही. जाड लाकडाचा पृष्ठभाग पेटला की त्यावर कोळशाचा थर तयार होतो आणि हा थर आतल्या भागाला उष्णतेपासून काही काळ वाचवतो. टणक व जड लाकडात ही होरपळ दर मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर या वेगाने आत सरकते. अर्धा मिलिमीटर धरल्यास, १५० मिलिमीटर जाडीच्या चौकोनी खांबाचे अर्ध्या तासात प्रत्येक बाजूने १५ मिलिमीटर लाकूड जाईल आणि १२० मिलिमीटरचा गाभा, म्हणजे छेदाचा सुमारे ६४ टक्के भाग, शिल्लक राहील. हेच गणित ५० मिलिमीटर जाडीच्या वाशाला लावले तर केवळ १६ टक्के भाग उरतो. पोकळ बांबूच्या पातळ सालीजवळ तर राखून ठेवण्यासारखे काहीच नसते.

तेव्हा दोष ‘लाकडाचा’ नसून बारीक लाकडाचा आहे. पोलादाविषयीचा समजही येथे तपासून पाहण्यासारखा आहे. पोलाद जळत नाही हे खरे. परंतु सुमारे ५५० अंश सेल्सियस तापमानाला त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. घर बांधताना किंवा दुरुस्त करताना मुख्य खांब, तुळया आणि आढे जाड ठेवावेत आणि वासे-कामट्यांना ठिणगी लागणार नाही अशी तजवीज करावी, हा या गणिताचा व्यावहारिक अर्थ होय.

संरक्षणाचे उपाय

छपरापासून आरंभ करणे योग्य ठरेल. भाजलेल्या मातीचे कवेलू स्वतः पेटत नाहीत. या बाबतीत आपले जुने छप्पर अमेरिकेतील लाकडी फळ्यांच्या छपरापेक्षा निःसंशय उजवे आहे. अडचण आहे ती सरकलेल्या आणि माकडांनी फोडलेल्या कवेलूंची. कवेलू फेरण्याचे काम रूढीने पावसाच्या तोंडावर केले जाते, म्हणजे आगीचा हंगाम जवळजवळ संपल्यावर. हेच काम फेब्रुवारीच्या आरंभी केले आणि त्याच वेळी कवेलूंखालचा पाला झाडून काढला, तर खर्च न वाढता दोन्ही हेतू साधतात. माकडांचा उपद्रव असेल तेथे पावसापूर्वी एक फेरी पुन्हा मारावी लागेल, हे मान्य करावे लागते. कवेलूंऐवजी पत्रे घातल्यास प्रश्न सुटतो असेही नाही. पत्र्याच्या पन्हळी भिंतीवर टेकतात तेथे ओळीने भोके उरतात आणि त्यांतून ठिणगी सरळ माळ्यावर जाते. ही भोके माती-चुन्याने बुजवली पाहिजेत.

वळचणीची उघडी जागा बंद करणे हा दुसरा आणि सर्वांत परिणामकारक उपाय. भिंतीचा माथा आणि कवेलू यांमधील पोकळी विटा-मातीने भरावी. हवेसाठी जागा ठेवायची असल्यास तेथे सुमारे ३ मिलिमीटर छिद्रांची धातूची जाळी बसवावी. प्लॅस्टिकची जाळी वितळते. वणवाप्रवण भागांतील नव्या घरांसाठी २००८ मध्ये लागू झालेल्या कॅलिफोर्नियाच्या नियमांतही वायुवीजनाच्या छिद्रांना असेच महत्त्व दिलेले आहे.

कुडाच्या भिंतीला मातीचा लेप हेच उत्तम चिलखत आहे. मात्र पावसाच्या शिंतोड्यांनी पायथ्याचा लेप सुटतो आणि तेथील बांबू उघडा पडतो. सरकत येणारी आग नेमकी त्याच उंचीवर असते. म्हणून जोते दगडी किंवा विटांचे आणि किमान दीड-दोन फूट उंच असावे, तसेच दिवाळीनंतरच्या सारवणात पायथ्याचा लेप जाड करून घ्यावा. बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणाने बांबू व लाकूड वाळवीपासून वाचते आणि आगीलाही काहीसा विरोध करते; परंतु हे क्षार पावसात धुऊन जातात. त्यामुळे हा उपाय छपराखालच्या लाकडापुरताच उपयोगी समजावा.

उरतो तो तणसाचा प्रश्न, आणि तो सर्वांत कठीण आहे. धानाचे तणस हे उन्हाळ्यातील गुरांचे खाद्य. ते गोठ्याजवळ ठेवले जाते, कारण रोज काढावे लागते, चोरी होऊ नये असे वाटते आणि मोकाट गुरांपासून राखावे लागते. अशा ढिगाला आग लागली तर त्याची ज्वाळा छपराहून उंच जाते आणि जळत्या काड्या वाऱ्यावर उडतात. पश्चिमेकडून व वायव्येकडून वाहणारा उन्हाळी वारा लक्षात घेता, ढीग घराच्या पूर्वेस आणि किमान १५ मीटर अंतरावर असणे इष्ट. लहान सांदवाडीत एवढी जागा मिळणे अशक्य असते. अशा ठिकाणी गावाच्या एका बाजूला, सभोवती नांगरलेल्या जमिनीचा पट्टा ठेवून, अनेक कुटुंबांचे ढीग एकत्र रचता येतील. परंतु राखणीची व्यवस्था ग्रामपंचायतीने केल्याखेरीज कोणीही शेतकरी आपले तणस तेथे नेणार नाही. घराच्या भिंतीलगतचा दीड मीटरचा पट्टा मात्र प्रत्येकाला मोकळा ठेवता येतो. त्यात सरपण नको, तुऱ्हाट्या नकोत, वाळलेल्या वेलींचे मांडवही नकोत.

घरकुल आणि गोठा

२०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागातून जिल्ह्यात विटा-सिमेंटची घरे उभी राहिली आहेत. या घरांचे छप्पर व भिंती पेट घेत नाहीत, ही निर्विवाद जमेची बाजू. पण किमान २५ चौरस मीटरच्या घरात शेतकऱ्याचा सगळा संसार मावत नाही. जुन्या घराची बांबू-कवेलूंची पडवी तशीच राहते आणि पक्क्या भिंतीला टेकूनच गोठा उभारला जातो. बैलजोडी किंवा दुभती म्हैस बांधलेली असते ती याच गोठ्यात. दुपारी घरातील मोठी माणसे मोहफुले वेचायला किंवा तेंदूपाने तोडायला रानात गेलेली असतात आणि दाव्याला बांधलेले जनावर आगीपासून पळू शकत नाही. म्हणून घरकुलाच्या आराखड्यातच गोठ्याची जागा भिंतीपासून अलग दाखवणे, त्याला जाड खांब, कवेलूंचे किंवा पत्र्याचे छप्पर आणि एका झटक्यात सुटणारे दावे असणे आवश्यक आहे. मे महिन्यात बहुतेक मामा तलावांचे पाणी तळाला गेलेले असते. तेव्हा गोठ्याजवळ २०० लिटरचे एक भरलेले पिंप आणि ओल्या पोत्यांची सोय या हंगामापुरती तरी कायम ठेवावी.